काटा बरोबर उतरला

आमच्या गल्लीत माझ्या आतोबांबद्दल, म्हणजे आत्याच्या यजमानांबद्दल, एक गोष्ट सांगतात. ते तरुणपणी पाणबुडीत होते, आणि समुद्राखालूनच बाहेर पडून, दातांत सुरी धरून, पोहत पोहत शत्रूच्या किनाऱ्यावर जायचे म्हणे. न्हावी सांगतो तेव्हा दोन पहारेकरी गार होतात. "मानेवर नुसती दोन बोटं," असं म्हणत तो गिऱ्हाइकाच्या मानेवर खरंच दोन बोटं टेकवतो, आणि गिऱ्हाईक गुपचूप न मागितलेली मालिशसुद्धा करून घेतं. इस्त्रीवाला सांगतो तेव्हा पूल उडतो. त्याचा पूल दरवर्षी थोडा लांब होत चाललाय. मी दोघांच्याही नकला करते. माझा न्हावी खऱ्या न्हाव्यापेक्षा सरस आहे असं इस्त्रीवाल्याचं मत आहे, आणि इस्त्रीवाल्याबद्दल न्हाव्याचंही तेच.

आता खरं काय ते. अख्ख्या नोकरीत आतोबांच्या पायाचा अंगठासुद्धा समुद्रात भिजला नाही. सुरीचं म्हणाल, तर त्यांच्या तोंडात कवळी आहे आणि ती चहात बुडवलेला पावही नीट धरत नाही. सुरीवाले वेगळे होते. आतोबा त्यांच्यासाठी दार उघडायचे आणि लावायचे. दारवान! बस्स, एवढंच.

अफवा उठवली आत्याने. तशी ती खोटं बोलली नव्हती. "आमचे हे त्यांच्यातले नव्हेत हो, पण त्यांच्याबरोबर असायचे," एवढंच ती दुकानाच्या रांगेत म्हणाली. वाक्याचा पहिला अर्धा भाग रांगेतच राहिला, दुसरा गल्लीभर फिरून आला. आतोबांना कुणी विचारलं की ते खाली बघायचे. लोक म्हणायचे, काय विनय, काय विनय! मलाही तसंच वाटायचं.

जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. कुकर आणि शेगड्या दुरुस्त करतात. भिंतीला खिळे, खिळ्यांना रबरी रिंगा, फळीवर बिनझाकणाचे कुकर आणि बिनकुकरची झाकणं. तिथे बसलं तरी आवाज म्हणून कसला येत नाही. पाना खाली ठेवायचा तर ते आधी फडकं अंथरतात. पायात कापडी बूट. पाणबुडीत म्हणे एक चमचा पडला तरी वरच्या जहाजाला ऐकू जातो, आणि आवाज गेला की पत्ता गेला. नोकरी सुटून माझ्या वयाच्या दुप्पट वर्षं झाली, पण आतोबांच्या हातून कधी काही पडलेलं मी ऐकलं नव्हतं.

दुसरी सवय हुकूम परत म्हणून दाखवायची. तिथला तो नियमच होता. वरिष्ठाने जे सांगितलं ते आधी शब्दाला शब्द म्हणायचं, मग करायचं, म्हणजे घोटाळा नको. आत्या वरून ओरडते, "अहो, दूध घेऊन या!"

"दूध घेऊन या. आणतो."

"आणि तिथे गप्पा हाणत उभे राहू नका!"

"गप्पा हाणत उभे राहू नका. राहत नाही."

आत्या म्हणते, "लग्नानंतर वर्षभर मला वाटायचं, हा माणूस मला चिडवतोय. मग कळलं, हा माणूस मला कप्तान समजतोय. मग मी कशाला बोलतेय!"

तिसरी सवय कुकरची. त्यांच्या घरात कुकरची वाफ पूर्ण जिरून शिट्टी आपोआप सैल पडेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडायची तर बातच नाही. एकदा मी उचलली. आतोबा माझ्यावर ओरडले नाहीत, नुसतं माझं मनगट धरून उभे राहिले, शिट्टी आपोआप सैल पडेपर्यंत. "एवढं काय त्यात?" मी म्हटलं. आत्या म्हणाली, "जाऊ दे गं. या घरात भूक मेली तरी चालते, वाफ आपल्या मौतीने मेली पाहिजे."

सुरीवाल्यांना पाणबुडीत 'पाहुणे' म्हणत. हे मला आतोबांनीच सांगितलं, एका झाकणाला रिंग बसवता बसवता. पाहुणे आले की नाव विचारायचं नाही, कुठे जाणार विचारायचं नाही, परत आल्यावर काय केलंत तेही विचारायचं नाही. आपलं बाकडं त्यांना झोपायला द्यायचं आणि आपण जागा मिळेल तिथे मुटकुळं करायचं. किनाऱ्याजवळ पाणबुडी पाण्याखालीच थांबायची. मग पाहुणे दोघे-दोघे एका कोठीत शिरायचे. कोठी म्हणजे लोखंडी रांजण म्हण, आतोबा म्हणाले, ज्याला दोन दारं. आतलं दार लावायचं, कोठीत पाणी भरायचं, आतला दाब बाहेरच्या समुद्राएवढा झाला की बाहेरचं दार उघडायचं. परत आले की सगळं उलट. पाणी काढायचं, आणि मग दाब हळूहळू, अगदी हळूहळू उतरवायचा. घाई केली तर माणूस आतल्या आत फुटतो. दाब सोडायची चावी आतोबांच्या हातात. समोर दाब दाखवणाऱ्या काट्याची तबकडी, आणि तिच्या शेजारी कोठीत बघायला बशीएवढी काच.

"त्या काचेतून बघायचं नसतं," आतोबा म्हणाले.

"मग ठेवलीय कशाला?"

"काच कशाला ठेवलीय," ते म्हणाले, आणि पुढचं काही म्हणालेच नाहीत. आतोबांनी माझं म्हणणं परत म्हणून अर्धवट सोडलं असं तोवर कधी झालं नव्हतं.

आता फोन. दरवर्षी एकाच तारखेला आतोबांना एका पाहुण्याचा फोन येतो. कुठल्याशा जुन्या खलाशाकडून त्याने नंबर मिळवला होता. हा पाहुणा आतोबांच्या बाकड्यावर झोपलेला, म्हणून एवढा लोभ. फोन वाजला की आतोबांना नेमकी आंघोळ आठवायची. दोन वर्षांपूर्वी आत्या घरात नव्हती, आंघोळ आधीच झालेली होती, तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला. "तू बोल. माझ्यासारखं."

माझा आवाज जन्मजात घोगरा. शाळेत समूहगीताला मला फक्त ओठ हलवायला सांगतात. आतोबांचाही घोगरा, शिवाय हळू. त्यात पाहुण्याचा डावा कान साफ गेलेला, उजवाही कुरकुरणारा. मला तर आयती संधीच मिळाली! आणि आतोबांची नक्कल सगळ्यात सोपी, कारण वाक्य समोरचाच पुरवतो.

"काय रे दारवान! ओळखलंस?"

"ओळखलं."

"तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत बरी आहे."

"गुडघे काय म्हणतात?"

"गुडघे काही म्हणत नाहीत."

तिकडे पाहुणा खदखदून हसला. म्हणाला, अजून तस्साच आहेस, शब्द मोजून देणारा. मी तोंडावर हात दाबून लोळले. आतोबांनी मला आइस्क्रीम आणून दिलं. ते देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण लक्ष आइस्क्रीमवर असल्यावर हे कोण बघतं? पुढच्या वर्षीही तसंच झालं.

या वर्षी फोन आला तेव्हा मी तयारच होते. घसा खाकरूनसुद्धा झाला होता. आतोबा शेजारी कुकरचं झाकण पुसत उभे.

"दारवान, मी रविवारी येतोय," पाहुणा म्हणाला.

"रविवारी येतोय," मी म्हटलं आणि आतोबांकडे बघितलं. त्यांचं फडकं थांबलं.

"डॉक्टर म्हणतो, आता दुसराही कान चालला. तो जायच्या आत एकदा समोर बसून तुझा आवाज ऐकायचाय. आणि एक वस्तू तुझ्या हातात द्यायचीय. त्या दिवशी तू चटकन दार उघडलं नसतंस, तर माझा जोडीदार गारठून आतच संपला असता. कान गेला तो माझ्या पापाने. पण आम्हाला वाचवलंस ते तूच."

"मीच वाचवलं तुम्हाला," मी म्हटलं.

खण्णकन आवाज झाला. आतोबांच्या हातातलं झाकण फरशीवर पडलं होतं, आणि गोल गोल फिरत बराच वेळ वाजत राहिलं. ते उचलायला ते वाकलेसुद्धा नाहीत.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "चुकलं का काही?"

"नाही. बरोबर केलंस. अगदी माझ्यासारखं केलंस," आतोबा म्हणाले, आणि स्टुलावर बसले. मग त्यांनी सांगितलं. आत्यालाही सांगितलेलं नव्हतं.

त्या दिवशी दोघे पाहुणे किनाऱ्यावरून परत येऊन कोठीत शिरले. बाहेरचं दार लागलं, पाणी निघालं, दाब उतरवायला सुरुवात झाली. त्यातला एक गारठून निळा पडलेला, मान टाकत होता. दुसरा, म्हणजे हा, काचेवर मुठी आपटायला लागला. लवकर, लवकर. नियम असा, की अशा वेळी आतल्या माणसाचं ऐकायचं नाही, काट्याचं ऐकायचं. आतोबांनी काचेतून बघितलं. रोज आपल्या बाकड्यावर झोपणाऱ्या माणसाचा चेहरा दिसला. त्यांनी चावी एकदम फिरवली.

दार उघडलं तेव्हा गारठलेला जिवंत होता, आणि हा कान धरून खाली बसला होता. बोटांतून रक्त येत होतं.

"मग चौकशी झाली," आतोबा म्हणाले. "डॉक्टरने तपासलं, तर त्याला सर्दी होती. मोहिमेवरून काढतील म्हणून त्याने ती लपवली होती. सर्दीत कानाला दाब सोसत नाही. तरी अधिकाऱ्याने मला उभं केलं. विचारलं, काटा बरोबर उतरला?"

"मग?"

"मी म्हटलं, काटा बरोबर उतरला."

मला क्षणभर कळलंच नाही. मग अंगावर काटा आला.

"मी नेहमीसारखं परत म्हटलं फक्त," आतोबा म्हणाले. "पुढे म्हणणार होतो, नाही साहेब. पण त्यांनी तेच उत्तर धरलं, मान हलवली, पुढच्या माणसाला बोलावलं. मी उभा राहिलो. मग बाहेर आलो. खोटं बोललो असतो तर निदान बोललो असतो गं."

पाहुण्याला पथकातून काढलं. का, तर सर्दी लपवून स्वतःचा कान घालवला. मग त्याने जन्मभर गोदामाच्या फाटकावर पहारा केला.

"सर्दी होतीच ना पण त्याला," मी म्हटलं. "कदाचित हळू उतरवला असता तरी—"

"तरी फुटला असता. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय, की त्याची नक्कल तू नको करूस."

मी एवढीशी झाले. दोन वर्षं मी ज्याला हसत होते, त्याला फसवणं सोपं होतं ते त्याच्या त्या कानामुळे. आणि माणसाला लाज वाटली की तो कुणाला तरी टोचतो, तसं मी टोचलं. "रविवारी तुम्ही आंघोळीला जाणार. सांगणार नाही तुम्ही त्याला. पैज!"

आतोबांनी वर बघितलं. "पैज. हरलीस तर?"

"हरले तर महिनाभर कुणाचीही नक्कल करणार नाही. घरातल्यांचीसुद्धा. आणि तुम्ही हरलात तर मी म्हणेन त्या दिवशी शिट्टी उचलायची. स्वतःच्या हाताने."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण म्हणाले, "शिट्टी उचलायची. उचलेन."

रविवारी आत्याने पडदे धुतले आणि आम्हालाही जवळजवळ धुतलं. न्हावी दुकानाच्या पायरीवर येऊन उभा होता, खरा सुरीवाला बघायला. रिक्षातून एक बुटका, टकला, हसरा माणूस उतरला, हातात भाजीची पिशवी. न्हावी म्हणाला, "हा? हा तर वीजबिल वाटणारा वाटतो." आणि आत गेला.

"कुठाय दारवान?" पाहुणा दारातूनच ओरडला. ऐकू कमी येणाऱ्यांना दुसरेही बहिरेच वाटतात. आतोबांना त्याने मिठी मारली. आतोबांचे हात बाजूला तसेच लोंबत राहिले. "वहिनी, या माणसाने मला वाचवलं बरं का!" आत्या फुलली. आतोबा बसायला गेले तर पाहुणा म्हणाला, "अरे त्या बाजूला नको, तो कान मेलाय. या बाजूला ये." आतोबा उजव्या बाजूला बसले.

आत्याने कुकर चढवला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, म्हणजे दोन्हीकडचं दिसत होतं. पाहुणा बोलत होता, आतोबा त्याचीच वाक्यं परत देत होते. मग पाहुण्याने पिशवीतून काळ्या पट्ट्याचं जाडजूड घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "पाण्यातलं आहे. त्या दिवशी माझ्या हातात होतं. अजून चालतं. तुझं आहे हे."

आतोबा उठले. मला वाटलं, चालले आंघोळीला. ते कोपऱ्यातल्या माठाशी गेले, पाणी प्यायले, आणि परत येऊन बसले ते पाहुण्याच्या डाव्या बाजूला. पाहुणा घड्याळ हातात घेऊन काच पुसत होता. आतोबा त्याच्या डाव्या कानाशी वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "काटा बरोबर नव्हता उतरला. मी चावी एकदम फिरवली. कान माझ्यामुळे गेला."

पाहुणा काच पुसत राहिला.

आतोबांनी माझ्याकडे बघितलं. चोरी करताना सापडलेल्या माणसासारखं. मी काहीच खूण केली नाही. जिंकले होते मी, कारण मेलेल्या कानात सांगितलेलं धरत नाहीत. पण जिंकल्यासारखं काही वाटेना. त्यांच्याकडे बघवेना मला, आणि नजर काढताही येईना.

गॅस बंद करून आत्या म्हणाली, "वाफ जिरली की वाढते हं." कुकर सुस्कारत होता. आतोबा त्या शिट्टीकडे बघत होते. ती सैल पडली, तसे ते उभे राहिले, आपली खुर्ची उचलली, जराही आवाज न करता, आणि टेबलाला वळसा घालून पाहुण्याच्या उजवीकडे आणून ठेवली. बसले. आणि सगळं पुन्हा सांगितलं. मोठ्याने, चौकशीतल्या प्रश्नोत्तरासकट. आत्याच्या हातातला डाव तसाच राहिला.

पाहुण्याने घड्याळ उचललं आणि स्वतःच्या मनगटावर बांधायला लागला. बक्कल लागेना. मदतीला आतोबांचा हात पुढे झाला, आणि मध्येच थांबला.

"पोराने एकदा सर्दी लपवली होती, पोहायला जायला मिळावं म्हणून," पाहुणा म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. "मारलं मी त्याला. पट्ट्याने. म्हटलं, माझ्यासारखा होशील. अजून नीट बोलत नाही तो माझ्याशी." बक्कल लागलं. "तुला नुसतं 'नाही' म्हणायचं होतं रे."

"मला नुसतं नाही म्हणायचं होतं," आतोबा म्हणाले.

"वहिनी, जेवण राहू द्या." तो उठला. पिशवीची घडी घातली. आतोबाही उठले आणि म्हणाले, "अजून एक आहे. फोनवर मी नव्हतो. तुझं ऐकायला लागू नये म्हणून मी फोन घ्यायचो नाही. फोनवर ही होती."

मला वाटलं, त्या माठात शिरून झाकण लावून घ्यावं. पाहुणा वळला. उजवा कान माझ्याकडे करून त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"मीच वाचवलं तुम्हाला, ते तू म्हणालीस?"

मी मान हलवली.

"करून दाखव," तो म्हणाला.

आत्या बघत होती, तो बघत होता. मी तोंड उघडलं. परत मिटलं. आणि मी वाट बघत होते, की आता आतोबा ते परत म्हणतील. करून दाखव. दाखवते.

"नाही," आतोबा म्हणाले.

पाहुण्याने त्यांच्याकडे बघितलं.

"ती पैज हरली आहे," आतोबा म्हणाले. "महिनाभर नकला बंद."

महिना अजून संपायचाय. नाहीतर हे सगळं मी तुम्हाला लिहून कशाला दाखवलं असतं?